म्हशीचा चातुर्मास

गेल्या वर्षी आमच्या म्हशीने चातुर्मास मोडला.

तो तिने मुळात धरलाच नव्हता, हा मुद्दा तिच्या बाजूने मांडायला घरात कोणी उरले नव्हते. कारण त्या घडीला आम्ही तिघेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होतो. त्यातल्या त्यात शांत होती ती म्हैसच. ती रवंथ करत होती.

हर्सूलच्या तलावापलीकडे, जिथे शहर दमून थांबते आणि ज्वारी सुरू होते, तिथे आमचे घर आहे. माझा नवरा विलास वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. मी शहरातल्या महाविद्यालयात मराठी कविता शिकवते. उरलेले सर्व काही, म्हणजे घर, परसातला गोठा, आमची दोघांची वागणूक आणि शक्य झाल्यास पाऊसपाणीसुद्धा, माझ्या सासूबाई चालवतात. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या वैजापूरकडच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी परीक्षा घेतली होती : "कडबा अन् गवत, वळखू येतं का?" मी दोन्हींचे रंग, पोत आणि उन्हातला वास यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हंजी नाय येत."

म्हशीचे नाव मी मेघमाला ठेवले होते. आत्याबाई तिला काळे म्हणत. विलास तिला "ओ बाई" म्हणे (मलाही तेच म्हणे, त्यामुळे कधीकधी आम्ही दोघी वळून पाहत असू). ती यांपैकी कोणत्याच नावाला ओ देत नसे. ती फक्त बादलीच्या कडीचा आवाज ओळखत असे.

पहाटेचा गोठा ही मात्र माझी अत्यंत आवडती जागा. ओलसर मातीचा गारवा, आंबोणासाठी भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचा गोडसर दरवळ, रेडकाच्या ओल्या नाकपुड्यांतून निघणारी ऊब, आणि रिकाम्या बादलीत पडणारी पहिली धार! आधी पत्र्यावर टणत्कार, मग फेसात विरघळत जाणारा मऊ, भरदार नाद. मी तिथे तासन्‌तास उभी राहू शकते. आत्याबाईंच्या मते मी तिथे तेवढेच करू शकते.

या सुखाला एक काटा होता. मागच्या वेताला मेघमालेला दगडी झाली. जंतूंनी कासेला सूज येते, कास दगडासारखी घट्ट होते, म्हणून दगडी. इंजेक्शने झाली, औषधाचे दूध दिवसेंदिवस मोरीत ओतावे लागले आणि इतके होऊनही चारपैकी एक सड कायमचा आटला. आत्याबाई त्या दिवसांत जेवत होत्या, पण घास हातात घेऊन आधी गोठ्याकडे पाहत आणि मग तो तोंडात घालत. या वेताला आमच्या डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या, "अजून एखादा सड गेला तर ही दुधाची म्हैस राहणार नाही. मग हिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा." ठरवायचे कोणालाच नव्हते.

"मग आत्ताच काय ते करा की!" आत्याबाई म्हणाल्या.

"तेच करू. दुखणं आल्यावर सुया टोचण्यापेक्षा ते येऊच नये असं बघू. आणि ऊठसूट सुया दिल्या तर पुढं त्या लागूच पडत नाहीत." डॉक्टरीणबाईंनी पिशवी उघडली. "कास धुऊन, पुसून कोरडी ठेवायची. कोरफड आणि हळद वाटून लावायची. आंबोणात लसूण, हळद, ओवा. आणि ही पावडर. प्रोबायोटिक. यात जिवंत जंतू आहेत."

"जंतू?" आत्याबाई दोन पावले मागे सरल्या. "अहो, जंतूंपायीच तर ह्यो सगळा कुटाणा झाला!"

"हे चांगले जंतू, आजी. चांगल्यांनी जागा धरली की वाईटांना बसायला जागाच मिळत नाही."

आत्याबाई एक पाऊल परत पुढे आल्या. "म्हंजी यष्टीत खिडकीतून रुमाल टाकल्यावानी?"

"अगदी तस्संच!"

जीवाणुशास्त्राचा तास संपला. डॉक्टरीणबाईंनी स्कूटर सुरू केली आणि जाता जाता वळून मला म्हणाल्या, "लसूण मात्र धार काढून झाल्यावर द्यायचा हं! आधी नको."

हे मी ऐकले. अगदी नीट ऐकले. परंतु मेघमालेचा स्वभाव डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक? आंबोणाची पाटी पुढे आल्याखेरीज ती पान्हा सोडत नाही आणि धार संपली की पाटीकडे ढुंकून पाहत नाही. पुरस्कार मिळाल्यावर सत्कार समितीकडे पाहावे तशी दूरवर पाहते. तेव्हा लसूण खाऊ घालायचा तर धारेच्या आधीच, असे मी माझ्या बुद्धीने ठरवले. आधी काय, नंतर काय! शेवटी पोट एकच ना? (हे वाक्य मी त्या वेळी मोठ्याने म्हटले नाही, एवढेच काय ते माझे शहाणपण.)

इकडे आषाढी एकादशी आली आणि आत्याबाईंचा चातुर्मास सुरू झाला. कांदा, लसूण, वांगे बंद. त्यांचा नेम म्हणजे केवळ न खाणे नव्हे. तवा राखेने घासला गेला, पाटा-वरवंट्याला आंघोळ घातली गेली आणि लसणाच्या जुड्या स्वयंपाकघरातून हद्दपार होऊन माळ्यावर गेल्या. या सगळ्या विरक्तीत त्यांनी एकच आसक्ती मागे ठेवली होती : चहा. आपल्या म्हशीच्या सायीच्या दुधाचा, बशीत ओतून, डोळे मिटून प्यायचा चहा. तो पीत असताना त्यांच्याशी कोणी बोलत नसे. मांजरसुद्धा उंबऱ्यावर थांबे.

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी बशी ओठांना लावली आणि डोळे उघडले.

"मंजू."

"काय आत्याबाई?"

"चहाला फोडणी दिली का गं?"

मी चहा हुंगला. आता, गंध हा माझा खास प्रांत. वर्गात मी एकेका फुलाच्या ओळीवर अख्खा तास बोलते. चहातून येत होता तो निःसंशय लसणाचाच वास. खमंग, आर्जवी, थेट वरणाची आठवण करून देणारा. पण घरात तर लसूण शिजत नव्हता! मग मला वाटले, पहाटे मी म्हशीसाठी लसूण ठेचते, तोच माझ्या नाकात रेंगाळत असणार. ही गंधाची स्मृती! आणि आत्याबाईंना? आत्याबाईंना व्रतामुळे लसणाची ओढ लागली असणार. मी त्यांना हे हळुवार शब्दांत समजावूनही सांगितले. "कधीकधी ज्याचा त्याग करावा, त्याचाच आभास होतो."

"माझ्या बशीत आभास नाय, लसूण हाय," त्या म्हणाल्या.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय गाळणीवर गेला. नवी गाळणी आली. नंतर पातेल्यावर, चहाला देवघरातले तांब्याचे भांडे बढतीवर आले. मग फ्रिज धुऊन काढला. चहाची पत्ती बदलली. साखरेच्या डब्याची चौकशी झाली. आत्याबाई येता-जाता माझ्या मागून स्वयंपाकघरात डोकावू लागल्या. "आलं म्हणून भलतंच ठेचत नाय ना बाई?" विलासला सर्दी झाली होती. तो म्हणाला, "मला तर कसलाच वास येत नाही. पण हल्ली चहा घेतला की उगाच भजी खावीशी वाटतात."

वास मात्र दिवसागणिक वाढत गेला. दूध तापू लागले की घरभर असा दरवळ सुटे, जणू आत कोणीतरी चोरून ठेचा वाटत आहे. विरजणाला वास. तुपाला वास. देवाला दाखवलेल्या दूधसाखरेच्या वाटीलाही वास! त्या दिवशी आत्याबाईंनी देवासमोर हात जोडून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "तुला समदं दिसतंय" एवढेच म्हटले.

आणि मग रेहानाभाभी आल्या. त्या समोरच राहतात; त्यांच्या घरी रोजचे दूध आमच्याकडून जाते. हातात झाकलेला वाडगा होता.

"खाला, दूध में क्या डाले तुम लोगां?"

आत्याबाई उसळल्या. "क्या डाले म्हंजे? मैं पानी का थेंब नाय डालती, रेहाना!"

"पानी डाले होते तो बात नक्को थी. कल मैं खीर बनाई. इत्ता केसर डाली, इत्ता बादाम डाली. बच्चे एक घास खाके पूछ रए, अम्मी, इसके साथ रोटी कां है?"

त्यांनी वाडग्यावरची ताटली काढली. केशराच्या पिवळ्या, राजस खिरीतून लसणाची एक लाट उठली आणि आम्हा तिघींच्या मधोमध उभी राहिली.

म्हणजे गाळणी निर्दोष होती. पातेले निर्दोष होते. वास दुधातच होता, आणि दूध जिथून येते तिथूनच तो येत होता! माझ्या मनात स्कूटरच्या फटफटाटासकट ते वाक्य लख्ख उमटले : धार काढून झाल्यावर. आधी नको.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मला वाटतं, ते... म्हणजे मीच. पहाटे आंबोणात मूठभर लसूण मी घालते. धारेच्या आधी."

आत्याबाई काही बोलायच्या आतच दारातून विलासचा खाकरण्याचा आवाज आला. "मूठभर तू घालतेस? मग संध्याकाळी मी पण घालतोय मूठभर. मला वाटलं, कॉलेजच्या गडबडीत तू विसरत असशील."

"अहो, विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू चिडली असतीस!"

आता आम्ही दोघांनी आत्याबाईंकडे पाहिले. आत्याबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.

"आई?" विलास म्हणाला.

"माळ्यावरचा लसूण वाया घालवू का मंग?" त्या कडाडल्या. "मी सोडला, म्हशीनं कुठं सोडला? दुपारी घालते जरासा. तुमच्या दोघांच्या भरवशावर जनावर ठिवलं तर झालंच!"

('जरासा' म्हणजे किती, हे पाहायला विलास माळ्यावर चढला. तिथे लसणाच्या जुड्या नव्हत्या. टरफले होती.)

आमच्या घरात प्रत्येकाला दुसऱ्याविषयी माया आहे, भरवसा नाही. तिघांनी गुपचूप, तीन वेळा, एकाच म्हशीचे रक्षण केले होते आणि ती बिचारी चालतीबोलती चटणी झाली होती!

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडून प्रथम नुसतेच खोकल्यासारखे काहीतरी ऐकू आले. मग त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, धारेआधी लसूण दिला की दुधाला वास लागणारच! म्हणून तर सांगितलं होतं. आणि इतका? पोट बिघडेल तिचं. एकानंच द्या, थोडा द्या, धारेनंतर द्या. पावडर तरी नीट चाललीय ना?"

"एकदम नीट," विलास अभिमानाने म्हणाला. "रोज बाजरीच्या गरमागरम घाट्यात कालवून देतो."

"गरमागरम?"

"वाफाळता. तिला बरं वाटावं म्हणून."

"मग त्यातलं काही जिवंत राहत नसेल. ते जंतू उष्णतेनं मरतात हो!"

आत्याबाई मटकन खाली बसल्या. "चातुर्मासात जीवहत्या! इलास, किती जीव होते रे त्या पुडीत?"

"ते... कोट्यवधी, असं लिहिलंय," विलास अतिशय बारीक आवाजात म्हणाला.

यानंतरचा अर्धा तास आमच्या स्वयंपाकघरात जो शास्त्रार्थ झाला, त्यातून मी आजही पूर्ण बाहेर आलेली नाही. प्रश्न असा होता : लसूण म्हशीने खाल्ला, दूध आत्याबाई प्यायल्या; तर नेम कोणाचा मोडला?

"खाई भैंस," रेहानाभाभी म्हणाल्या, "अन् उपास टूटा तुम्हारा? ये कैसा इन्साफ, खाला?"

"अगं, तिच्या पोटातून माझ्या पोटात आलाच की!"

"मग आई, वांग्याच्या मुळाशी आपण शेणखत घालतो," विलास म्हणाला, "त्या हिशेबानं वांगं शाकाहारी..."

"तू गप. तुझ्या डोक्यावर कोट्यवधी हायेत."

मी तोडगा काढला. "आत्याबाई, कार्तिकीपर्यंत लसूण पूर्ण बंद करू. तुमचा नेम सांभाळला जाईल."

त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी मेघमालेच्या पाठीवरून हात फिरवत खाली आणला, कासेवर तळवा ठेवला आणि एकेक सड बोटांनी चाचपला. तीन मऊ, ऊबदार. आणि चौथा, जो आता नुसताच आहे. म्हशीने मान वळवून त्यांचा खांदा हुंगला.

"नाय," त्या म्हणाल्या. "लसूण बंद नाय करायचा. माझा नेम चार महिन्यांचा. हिचा सड गेला तर जन्माचा गेला. दूध मीच सोडते."

दूध सोडणे म्हणजे चहा सोडणे, हे आम्हाला ठाऊक होते. दुसऱ्या दिवसापासून त्या काळा चहा घेऊ लागल्या. बशीत ओतत, फुंकर घालत आणि डोळे उघडे ठेवून पीत. मांजरसुद्धा उंबऱ्यावर थांबेनासे झाले. ते दृश्य मला पाहवेना. आता काहीही करून दूध निर्गंध करायचे आणि आत्याबाईंना त्यांचा चहा परत द्यायचा, असा मी पण केला. उपाय तर किती सोपा! धारेआधी साधे आंबोण, धारेनंतर लसूण. एवढेच!

एवढेच नव्हते. मेघमालेला लसणाची चटक लागली होती.

साधे आंबोण तिने हुंगले आणि नवोदित कवीच्या पहिल्या संग्रहाकडे समीक्षकाने पाहावे तसे आमच्याकडे पाहिले. पान्हा नाही. रेडकू सोडले, त्याला दोन घोट दिले आणि पुन्हा पान्हा चोरला. आत्याबाईंनी गूळ दाखवला. विलासने मान खाजवली. मी कानाशी एक अंगाई म्हटली. तिने शेपटी थेट माझ्या तोंडावर आणून कार्यक्रम बंद पाडला. संध्याकाळीही तेच. आत्याबाईंनी पुन्हा कास चाचपली. "दूध कासंत तुंबलं की दगडी आलीच म्हणून समज," त्या म्हणाल्या. म्हणजे जी आपत्ती टाळण्यासाठी लसूण सुरू केला, तीच आता लसणावाचून दारात उभी होती!

मी घाबरून, धारेनंतर द्यायचा म्हणून ठेचलेला लसूण तसाच हातांना फासलेला असताना, तिची समजूत घालायला पुढे झाले. मेघमालेने माझे दोन्ही तळवे हुंगले. खोलवर. एकदा, पुन्हा एकदा. तिचे डोळे अर्धवट मिटले आणि मागून बादलीत तो नाद सुरू झाला. आधी टणत्कार, मग भरदार, मऊ, अखंड!

"हालू नको!" आत्याबाई बादलीमागून ओरडल्या. "तिथंच हुबी ऱ्हा!"

मी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे उभी राहिले. संध्याकाळी उभी राहिले. तोंडात लसणाचा कण न जाता केवळ वासावर तिचे समाधान होत असे. लसूण तिला धार झाल्यावर मिळे, आणि आता तो ती आनंदाने खाई. उभे राहण्याच्या वेळेचा सदुपयोग म्हणून मी तिच्यासमोर एक निसर्गकविता म्हणून पाहिली. "कविता नको म्हणू," आत्याबाई म्हणाल्या, "धार तुटती."

थोड्याच दिवसांत रेहानाभाभी रिकामा वाडगा नाचवत आल्या. "अब आई न दूध कू दूध की बास! बच्चे खीर चाट गए, खाला." आत्याबाईंनी आधी दूध हुंगले, मग मला हुंगले, दोन्हींतला फरक पटवून घेतला आणि चहा टाकायला सांगितले. बशी ओठांना लागली. डोळे मिटले. घर शांत झाले.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तेव्हा तिन्ही सड ठणठणीत होते. विलासने उत्साहाने विचारले, "कशानं गुण आला? लसणानं, हळदीनं, की गार घाट्यातल्या पावडरीनं?"

"काय सांगणार?" त्या हसून म्हणाल्या. "कास धुण्यापुसण्यानंही असेल. तुम्ही सगळ्यांनी सगळंच इतकं एकदम केलंत की या म्हशीवरून काहीही सिद्ध होत नाही. चालू ठेवा, एवढंच म्हणेन."

आम्ही चालू ठेवले. म्हैस राहिली, नेम राहिला, चहा राहिला. प्रश्न उरला तो माझा. लसूण तळव्यांतून जाईना. लिंबू, चिंच, बेसन, चंदनी साबण, सगळे हरले. वर्गात मी मोगऱ्याच्या कवितेवर बोलू लागले की पहिला बाक अलगद तिसऱ्या बाकावर जाऊन बसे. प्राध्यापकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असे. पलीकडे बसणाऱ्यांना मात्र अवेळी भूक लागे. आणि घरी तर आत्याबाईंनी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर एक पाट मांडून दिला. पोळी लाटायची नाही, पाणी भरायचे नाही, देवाला फूल वाहायचे नाही. स्वयंपाक विलास करू लागला (त्याविषयी मी बोलणार नाही; त्या माणसाने आधीच कोट्यवधींचा बळी घेतलेला आहे).

भाद्रपदात वैजापूरहून आत्याबाईंची बहीण भेटायला आली. ताटावर बसताना तिने सहज विचारले, "बाई, तुमच्याकडं औंदा चातुर्मासात काय काय वर्ज्य?"

आत्याबाईंनी बोटे मोजायला सुरुवात केली. "कांदा. लसूण. वांगं." मग त्यांची नजर उंबऱ्यापलीकडे, पाटावर बसून लांबूनच वाढून मिळण्याची वाट पाहणाऱ्या माझ्यावर आली आणि चौथे बोट दुमडत त्या म्हणाल्या, "अन् सूनबाई."